नाव नव्हे, गुण पाहा!
निवड चाचणीत आपल्या मुलांचे नेमके काय पाहिले जाते?

पावसाळा ओसरू लागला की बोईसर-तारापूर परिसरातील मैदानांवर मुलांची गर्दी वाढते. शाळांच्या स्पर्धा लागतात, मंडळांचे सराव सुरू होतात आणि त्याबरोबर निवड चाचण्यांच्या तारखाही येतात. मैदानावर मुले पुष्कळ उतरतात. फळ्यावर नावे लागतात ती बाराच. बाकीची मुले मान खाली घालून घरी परततात. आई विचारते, "काय झाले रे?" मुलगा म्हणतो, "नाही घेतले." का नाही घेतले, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मग घरात दोनपैकी एक निष्कर्ष निघतो. आपल्या पोराच्या अंगात दम नाही, हा एक. तिथे ओळख लागते, आपल्याला कोण घेणार, हा दुसरा. कधी पहिला खरा असतो, कधी दुसराही खरा असतो. पण कोणता खरा हे ठरवायचे तर चाचणीत काय मोजतात, कसे मोजतात आणि कोणाला कुठल्या जागी उभे करतात, हे आपल्याला ठाऊक पाहिजे. शाळेच्या परीक्षेची गुणपत्रिका वाचायला आपला समाज शिकला. मैदानावरची गुणपत्रिका मात्र आपल्या घरांत अजून कोणी वाचत नाही. ती कशी वाचावी, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

उदाहरण आम्ही कबड्डीचे घेतले आहे. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या बापाला आणि चार घरची कामे करणाऱ्या आईला परवडेल असा हा खेळ आहे. त्याला ना बॅट लागते, ना रॅकेट. शिवाय १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी आपल्या मुलांना ठाणे जिल्ह्याच्या एवढ्या मोठ्या गर्दीतून वाट काढावी लागे. आता जिल्ह्याचे ठिकाण बोईसरच्या शेजारी आले आहे. संधी जवळ आली, तेव्हा तिची तयारीही आपण केली पाहिजे.

पहिले दार : कागद आणि काटा

चाचणी मैदानावर सुरू होते असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात ती टेबलावर सुरू होते. जन्मतारखेचा दाखला, शाळेचा बोनाफाइड दाखला, आधार कार्ड आणि फोटो हे आधी पाहिले जाते. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. कबड्डी संघटनांच्या स्पर्धांत किशोर-किशोरी, कुमार-कुमारी असे गट असून तिथे वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. मर्यादेपेक्षा वजन थोडे जरी जास्त भरले तरी मुलगा चाचणीआधीच बाहेर पडतो. म्हणून त्या त्या वर्षाचे परिपत्रक स्वतः वाचावे. मागच्या वर्षी अमुक होते, या भरवशावर राहू नये.

जन्मदाखल्यावरचे नाव एक आणि शाळेतले नाव दुसरे, ही अडचण आपल्या वस्त्यांत फार आढळते. आजोळी जन्म झालेला, नोंद गावी राहिलेली, शाळेत मास्तरांनी ऐकले तसे नाव लिहिलेले. ही दुरुस्ती चाचणीच्या आदल्या दिवशी होत नाही. त्यासाठी महिने लागतात. मूल पाचवीत गेले की सारे कागद एकदा जुळवून पाहावेत.

दुसरे दार : घड्याळ आणि फीत

शरीराची क्षमता मोजण्याच्या ठरलेल्या चाचण्या आहेत. भारतीय खेळ प्राधिकरण, म्हणजे 'साई', आणि राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी या संस्था लहान वयाच्या मुलांची निवड करताना अशा चाचण्या घेतात. उंची आणि वजन मोजतात. ३० मीटर वेगाने धावायला लावून वेळ घेतात. त्यातून वेग कळतो. ८०० मीटर धावायला लावतात. त्यातून दम किती टिकतो ते कळते. दहा मीटरच्या अंतरात सहा वेळा जा-ये करायला लावतात; यात चटकन थांबणे, वळणे आणि पुन्हा पळणे किती जमते ते दिसते. उभ्या जागेवरून लांब उडी आणि उभ्या जागेवरून उंच उडी यातून पायांची ताकद मोजतात. चेंडू फेकायला लावून हाताखांद्याची ताकद पाहतात. गुडघे न वाकवता पुढे वाकायला लावून अंगाचा लवचिकपणा पाहतात.

या चाचण्यांचा मोठा गुण असा की, त्या कोणाचे तोंड पाहत नाहीत. घड्याळाला आडनाव कळत नाही. फितीला वस्ती कळत नाही. म्हणूनच आपल्या मुलांनी या भागात कधीही कमी पडता कामा नये, असे आम्हाला वाटते. याची तयारी फुकटात करता येते. विहाराच्या अंगणात खडूने दहा मीटरवर दोन रेघा ओढाव्यात आणि लाकडाचे दोन ठोकळे ठेवावेत. भिंतीवर खडूचे बोट लावून उंच उडीची खूण करावी. मोबाइलच्या घड्याळावर वेळ घ्यावी. प्रत्येक मुलाची एक वही असावी आणि महिन्यातून एका रविवारी त्या वहीत आकडे लिहावेत. तीन महिन्यांनी वही उघडली की मुलगा स्वतःच सांगेल, आपण कुठे वाढलो आणि कुठे अडलो.

तिसरे दार : कौशल्य

यानंतर खेळाचे कौशल्य पाहिले जाते. कबड्डीत त्याचे दोन भाग आहेत. एक चढाई, दुसरा बचाव.

चढाई करणारा गडी मध्यरेषा कसा ओलांडतो, 'कबड्डी, कबड्डी' हा उच्चार स्पष्ट आणि अखंड करतो का, त्याचे पाय जमिनीवर कसे फिरतात, हे निवड करणारे सुरुवातीलाच टिपतात. हाताने गडी टिपणे, पाय टाकून टिपणे, लाथेने टिपणे, बोनस रेषेवरून गुण काढणे अशी एकेक गोष्ट ते पाहतात. बोनस गुण समोर सहा किंवा अधिक बचावपटू असतानाच मिळतो. समोर पाच असताना बोनससाठी जीव धोक्यात घालणाऱ्या मुलाला नियमच ठाऊक नाही, हे पाहणाऱ्याला लगेच कळते. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. तेवढ्यात गुण मिळाला नाही तर सुखरूप परत येणे हीसुद्धा कला आहे, आणि तीही मोजली जाते.

बचावात घोट्याची पकड, पट काढणे, कमरेची पकड, धडक आणि साखळी पाहतात. एकट्याने झेप घेऊन पकड केली की टाळ्या मिळतात. पण जाणकार निवडकर्त्याची नजर दुसरीकडेही असते. एकाने पकड केल्याबरोबर बाकीचे धावून आले का? साखळीत हात सुटला का? शेजाऱ्याची जागा कोणी भरून काढली का? अनेक चांगली मुले इथे मागे पडतात. स्वतःची झेप दाखवण्याच्या नादात ती साथ द्यायची विसरतात.

शेवटी मुलांचे दोन तात्पुरते संघ पाडून सामना खेळवतात. अनोळखी मुलांबरोबर हा मुलगा कसा खेळतो, बाद झाल्यावर वाद घालतो का, पंचाचा निर्णय मानतो का, दमल्यावर चुका वाढतात का, हे इथे दिसते. एकट्याची चाचणी म्हणजे तोंडी परीक्षा. हा सामना म्हणजे लेखी परीक्षा, असे समजावे.

कोणाला कुठे उभे करायचे?

संघ बारा जणांचा. मैदानात सात, राखीव पाच. आता विचार करा, निवड समितीने नुसते सर्वांत जास्त गुणांचे बारा गडी उचलले आणि ते सगळे चढाई करणारे निघाले, तर तो संघ पहिल्याच सामन्यात कोसळेल. म्हणून गुणांनंतर जागांचा हिशेब होतो. दोन्ही कोपऱ्यांत घोट्याच्या पकडीचे गडी हवेत. त्यांच्या आतल्या बाजूला धडक देणारे, कोपऱ्याला साथ देणारे मध्यरक्षक हवेत. चढाईसाठी डाव्या बाजूने जाणारा एक आणि उजव्या बाजूने जाणारा एक हवा. एक-दोन जण चढाई आणि बचाव दोन्ही करणारे हवेत. शिवाय बिकट वेळी डोके शांत ठेवणारा एक हवा. तो बहुधा कर्णधार होतो.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. उजव्या बाजूने चढाई करणारी चार मुले आली, तर त्यांतला चौथा मुलगा चांगला असूनही बाहेर राहू शकतो. त्याच वेळी त्याच्यापेक्षा कमी चमकणारा डाव्या कोपऱ्याचा गडी आत जाऊ शकतो. हा अन्याय नव्हे. ती संघाची गरज आहे. म्हणून मुलाला एकच एक जागा शिकवू नये. चढाई करणाऱ्याने एक तरी कोपरा शिकावा. बचाव करणाऱ्याने निदान रिकाम्या हाताने सुखरूप परत येणारी चढाई शिकावी. दोन जागा येणारा मुलगा बारांत बसण्याचा संभव दुप्पट होतो.

कोपऱ्यातला गडी शांत उभा दिसतो. प्रेक्षक चढाई करणाऱ्याचे नाव घेतात. पण सामना जिंकून देणारी पकड बहुधा कोपऱ्यातच होते. आपल्या मुलाला कोपरा मिळाला म्हणून कमी लेखू नका.

अमेरिकेतील एका गावाची गोष्ट

संघातील जागा गुणांवर ठरावी, हे बोलायला सोपे आहे. ते मिळवण्यासाठी लोकांना झगडावे लागले आहे. त्याचे एक उदाहरण फार दूरचे आहे, पण ते आपलेच वाटेल.

आयपीएलचे सामने २००८ साली सुरू झाले तेव्हा चौकार-षटकाराला मैदानाकडेला नाचणाऱ्या मुली आपण टीव्हीवर पाहिल्या. त्यांना चिअरलीडर म्हणतात. पण चिअरलीडिंग हा अमेरिकेत शाळा-कॉलेजांचा मोठा उपक्रम आहे आणि त्याच्या स्वतंत्र स्पर्धाही होतात. त्याची सुरुवात १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात झाली, आणि गंमत म्हणजे तेव्हा तो पुरुषांचाच प्रांत होता. २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला मान्यता दिली.

या स्पर्धांच्या खेळात कोलांट्या, उड्या आणि माणसांवर माणसे उभे करण्याचे मनोरे असतात. चाचणीच्या वेळी मुलामुलींना नावाऐवजी क्रमांक देण्याची पद्धत तिथे रूढ आहे. उडी, कोलांटी, मनोरा, नृत्य अशा प्रत्येक बाबीला परीक्षक वेगवेगळे गुण देतात. मग जागा ठरतात. खांद्यावर भार पेलणारे खाली उभे राहतात, हलकी व तोल सांभाळणारी मुलगी वर जाते आणि एक जण मागे उभा राहून वरच्या मुलीवर डोळा ठेवतो, ती पडली तर झेलतो. एखादी कोलांटी येते एवढे पुरत नाही. ती सफाईने आणि दर वेळी यावी लागते. नाहीतर मुलाला खालच्या पातळीच्या संघात ठेवतात, कारण चुकीची जागा दिली तर मान मोडेल. इतका विचार त्यामागे आहे.

पण सगळीकडे असेच होते असे नाही. ज्या १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, त्याच वर्षी अमेरिकेच्या टेक्सास राज्यात क्रिस्टल सिटी नावाच्या लहान गावात चिअरलीडरच्या निवडीवरून मोठा संघर्ष पेटला. हे शेतमजुरांचे गाव. शाळेत बहुसंख्य मुले मेक्सिकन वंशाच्या मजुरांची होती. पण चिअरलीडरच्या चार जागांपैकी तीन गोऱ्या मुलींना आणि एकच मेक्सिकन मुलीला, असा अलिखित पायंडा होता. निवड शिक्षक करीत. मुली कितीही चांगल्या असोत, एकीचीच वर्णी लागे.

त्याच वर्षी आणखी एक प्रकार झाला. शाळेच्या समारंभाची राणी निवडण्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी अट घातली की, मुलीच्या आईवडिलांपैकी एक तरी जण त्याच शाळेतून उत्तीर्ण झालेला असावा. अट वाचताना त्यात कुठे वंशाचे नाव नाही. पण मजुरांच्या आईबापांना शाळा पुरी करायला मिळालीच कुठे होती? नाव न घेता दार बंद करण्याची ही रीत आपल्याला नवी नाही.

मुलांनी आधी अर्ज दिले, मागण्या मांडल्या. दाद लागली नाही तेव्हा ९ डिसेंबर १९६९ रोजी त्यांनी शाळेवर बहिष्कार टाकला. सेवेरिता लारा ही विद्यार्थिनी त्यांच्या पुढाऱ्यांत होती. आईबाप मुलांच्या पाठीशी उभे राहिले. चिअरलीडरच्या निवडीपासून सुरू झालेल्या मागण्यांत मातृभाषेतून शिक्षण आणि आपल्या समाजाचे शिक्षक याही मागण्या आल्या. जानेवारी १९७० मध्ये शाळा मंडळाला बहुतेक मागण्या मान्य कराव्या लागल्या. पुढे त्याच वर्षी या लोकांनी निवडणूक लढवून शाळा मंडळात आणि नगरपालिकेत आपली माणसे निवडून आणली.

नाचायच्या चार जागांसाठी एवढे कशाला, असे तेव्हाही कोणी म्हटलेच असेल. पण त्या मजुरांनी ओळखले की, प्रश्न चार जागांचा नव्हता, मोजमापाचा होता.

आपल्या मातीतला दाखला

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. पळवणकर बाळू यांचे नाव आपल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असले पाहिजे. चर्मकार समाजात जन्मलेले हे फिरकी गोलंदाज पुण्याच्या जिमखान्यावर मैदानाची कामे करीत आणि इंग्रज साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. त्यांच्याइतका चांगला गोलंदाज दुसरा नव्हता, म्हणून हिंदू संघाला त्यांना घ्यावे लागले. मैदानात चेंडू त्यांच्या हाती द्यायचा, पण चहा मात्र वेगळ्या मडक्यातून, आणि तोही बाहेर उभे राहून प्यायचा, अशी वागणूक त्यांना मिळाली.

१९११ साली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. गुणांचा याहून मोठा पुरावा काय हवा? तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी देण्यात आले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले, आणि त्यासाठीही या भावांना अपमान सोसावा लागला, आवाज उठवावा लागला.

पुढे राजकारणात बाळू काँग्रेसकडे गेले आणि १९३७ च्या निवडणुकीत परमपूज्य बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहून पराभूत झाले. तो मार्ग आपला नव्हता. परंतु खेळाडू म्हणून त्यांच्यावर झालेला अन्याय त्यामुळे लहान होत नाही. संघात घेणे ही एक पायरी आणि योग्यतेप्रमाणे जागा देणे ही दुसरी पायरी, हा धडा त्यांच्या आयुष्यातून घ्यावा. आजही आपल्या मुलाला संघात घेतात, पण राखीव बाकावर बसवून ठेवतात, असे कुठे दिसले तर त्याचे कारण विचारायला हवे.

काय मागावे?

आम्ही कोणावर उगाच आरोप करा असे सांगत नाही. पुष्कळ पंच आणि प्रशिक्षक पदरचे पैसे खर्चून मुले घडवतात. त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण चांगल्या माणसालाही चांगल्या पद्धतीची जोड हवी. म्हणून शाळांनी, मंडळांनी आणि संघटनांनी पुढील गोष्टी कराव्यात, असा आग्रह पालकांनी नम्रपणे पण ठामपणे धरावा.

१. चाचणीची तारीख, जागा, वयोगट, वजनाची अट आणि लागणारे कागद आधी लेखी जाहीर करावेत. चार जणांना फोन करून झालेली चाचणी ही चाचणी नव्हे.

२. मुलांच्या पाठीवर क्रमांक लावावा. निवड समितीच्या कागदावर तोच क्रमांक असावा, नाव-आडनाव नसावे.

३. कोणत्या बाबीला किती गुण, हे चाचणीआधी सांगावे.

४. निवड एका माणसावर ठेवू नये. किमान तिघांनी वेगवेगळे गुण लिहावेत आणि नंतर ते एकत्र करावेत. ज्याचे मूल चाचणीत उतरले आहे त्याने त्या समितीत बसू नये.

५. मुलींच्या चाचणीला निवड समितीत किमान एक महिला असावी.

६. न निवडलेल्या मुलाला त्याचे गुण आणि एक तरी उणीव सांगावी. त्याला पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांनी मुलाचे एक वर्ष वाचते.

शालेय स्पर्धा शासनाच्या क्रीडा कार्यालयांमार्फत होतात. तिथली माहिती मागण्यासाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. पण आधी तोंडी विचारावे, मग लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज हा अर्ज नसतो, हे आपल्या युनियनच्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.

घरात काय करावे?

चाचणीच्या आदल्या रात्री मुलाला लवकर झोपू द्यावे. सकाळी उपाशी पाठवू नये. दोन तास आधी भाकरी किंवा चपाती, एखादे केळे, पाणी एवढे पुरे. पोट भरून वडे-भजी नकोत. नखे कापलेली असावीत. अंगाला तेल लावू नये, अंगठी, बांगडी, साखळी घालू नये. कबड्डीच्या नियमांत ते चालत नाही. गंडेदोरे आपण केव्हाच सोडले आहेत, तेव्हा ते काढण्याचा प्रश्न उरत नाही. आता पुष्कळ चाचण्या मॅटवर होतात. मॅटचे बूट महाग असतात. एका घराला ते जमत नसेल तर महिला मंडळाने किंवा विहार समितीने दोन-तीन मापांचे जोड घेऊन ठेवावेत आणि मुलांनी आळीपाळीने वापरावेत. वर्गणी काढून आपण जयंतीचा मंडप घालतो. त्यातून बुटांचे तीन जोड काढणे अवघड नाही.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिचे मैदान बंद होते. संध्याकाळी उशीर होतो, कपडे तसे असतात, लोक काय म्हणतील, अशी कारणे निघतात. महिला कबड्डीला २०१० साली ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत प्रथम स्थान मिळाले आणि भारताच्या मुलींनी सुवर्णपदक आणले. २०१२ साली पाटण्याला महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. त्यांच्याही आईबापांपुढे हीच कारणे आली नसतील काय? स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजणारे बाबासाहेब आपले. तेव्हा मुलीला मैदानावर पाठवताना तिच्याबरोबर आईने, मावशीने किंवा मंडळातील एका बाईने जावे. चार मुली एकत्र गेल्या, एकत्र आल्या, म्हणजे काळजी निम्मी होते.

खेळामुळे अभ्यास बुडतो, ही तक्रार खरी ठरू देऊ नये. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. पण नोकरीचा अर्ज भरायला आधी परीक्षा पास व्हावी लागते, आणि खेळाची प्रमाणपत्रे शासनाकडून पडताळून घ्यावी लागतात. म्हणून प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र आणि संघाची यादी जपून ठेवावी. पावसात गळणाऱ्या पत्र्याखाली ती ठेवू नये.

निवड झाली नाही तर?

तर मुलाला रागावू नका आणि खोटे समाधानही देऊ नका. वही काढा. धावणे कमी पडले का? वळणे कमी पडले का? पकड सुटली का? की सगळे ठीक असूनही जागा भरलेली होती? पहिल्या तिन्हींना सराव हे औषध आहे. चौथ्याला दुसरी जागा शिकणे हे औषध आहे. आणि या चौहोंपैकी काहीच नसेल, आकडे आपल्या बाजूचे असतील, तर मात्र गप्प बसू नका. तेव्हा हातात वही असेल तर तुमच्या बोलण्याला वजन येईल. नुसत्या रागाला कोणी विचारत नाही. आकड्याला उत्तर द्यावे लागते.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिथे माणसाची जागा जन्माने ठरते आणि मरेपर्यंत बदलत नाही. संघातही कोणी कोपऱ्यात असतो, कोणी मध्यभागी, कोणी राखीव बाकावर. पण तिथली जागा अंगच्या गुणाने ठरायला हवी, उद्या गुण वाढला की बदलायला हवी, आणि कोपऱ्यातल्या गड्याची प्रतिष्ठा चढाई करणाऱ्याइतकीच असायला हवी. असा संघ म्हणजे समतेचा लहानसा नमुना होय. तो आपोआप तयार होत नाही. मुलांनी घाम गाळावा लागतो आणि मोठ्यांनी मोजमापावर पहारा ठेवावा लागतो.

तेव्हा येत्या रविवारी वंदना झाली की विहाराच्या अंगणात दहा मीटरवर दोन रेघा ओढा. पुढचे काम मुले करतील.

जयभीम!